राखलेली मुरकी

१

दोंडाईच्यात मे महिन्याच्या दुपारी शहाणा माणूस घराबाहेर पडत नाही. चांदभाई बँडवाल्यांना तर अलीकडे बाहेर पडायची गरजच उरली नव्हती, कारण सगळं जग त्यांच्या पुढच्या खोलीत येऊन बसत होतं. असं त्यांचंच म्हणणं. जग म्हणजे नाजमीनचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला, एका बाजूने खरखरणारा स्पीकर.

नाजमीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. दुपारी घरी आली की कूलरमध्ये पाणी ओतायची, दाराला कडी लावायची आणि जेवायच्या आधी एक काम करायची. ‘फेरी’ या गेमचं संगीत आपल्याकडे पूर्ण आहे का, आणि ताजं आहे का, हे तपासायची.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. गेम विकत घेतला तरी त्याचं संगीत वेगळं उतरवून घ्यावं लागतं. गेमची नवी आवृत्ती आली की एखादी धून वाढते, एखादी जास्त साफ होते, आणि आपल्या फोल्डरमधली जुनी मात्र तशीच पडून राहते. कोणी सांगायला येत नाही. लोक अर्ध्यामुर्ध्या संचावर समाधानी असतात. नाजमीन नव्हती. तिच्याकडे प्रत्येक धून मोठ्या, न दाबलेल्या फाइलमध्ये होती, नावं मराठीत, आणि प्रत्येक नावापुढे तिने स्वतः टाइप केलेलं: क्लॅरिनेट, चांद मास्तर, दोंडाईचा. खुद्द गेम बनवणाऱ्यांकडेही इतका नीट लावलेला संच नसेल याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. खाण तशी माती म्हणतात ते खोटं नाही. बापाची ऐट पोरीत पुरेपूर उतरली होती.

गेम बनवणारा अखिल गावचाच, मदनलालशेठ मिरचीवाल्यांचा मुलगा. पुण्यात मित्रांबरोबर गेम करायचा. गेममध्ये एक ट्रकवाला घरच्या अंगणातून ट्रक काढतो, घाट उतरतो, गावोगाव माल पोचवतो आणि फिरून घरी येतो. बस. मारामारी नाही, बंदुका नाहीत. शेठजी म्हणाले होते, असला गेम कोण खेळणार? पण लोक खेळले, परदेशातलेही खेळले, आणि त्याचं अर्धं श्रेय चांदभाईंच्या क्लॅरिनेटला होतं. उरलेलं अर्धंही तिलाच होतं, असं चांदभाई म्हणत. अखिलने ते सगळं वाजवणं वडिलांच्या रिकाम्या मिरचीच्या गोदामात टिपून घेतलं होतं, कारण तिथल्या भिंती आवाज छान परतवत. टिपणारे शिंकून शिंकून बेजार झाले, पण चांदभाईंची फूक एकदाही अडली नाही.

संचातला मानाचा तुरा म्हणजे ‘पाठवणी’. लग्नानंतर मुलगी सासरी निघाली की वाजते ती धून. चांदभाईंच्या उस्तादांपासून चालत आलेला एक रिवाज होता: पाठवणीची शेवटची मुरकी, सुरांची ती छोटी गिरकी, वाजवायची नाही. तोंडापर्यंत आणायची आणि राखायची. ढोलवाले पुढे घुमवतात, कोणाच्या लक्षात येत नाही. धून अर्धी राहिली तर पोर माहेरी परत येते. पुरी झाली तर वाट पुरी झाली. त्यामुळे ती धून अधांतरी सुटायची, आणि अखिलला नेमकं तेच आवडलं होतं. सुटलेलं टोक पुन्हा सुरुवातीला अलगद जुळायचं. ट्रक अंगणातून निघाला की पाठवणी लागायची आणि तो घरी येईपर्यंत फिरत राहायची.

त्या दुपारी नाजमीनने संच उघडला, तर पाठवणीसमोर नव्या आवृत्तीची खूण होती. तिने ती उतरवून घेतली. जुनीशी ताडून पाहिली.

नवी पाठवणी जुनीपेक्षा थोडी लांब होती.

२

आतल्या खोलीत चांदभाई झोपले होते. त्यांचं घोरणं नव्हतं, नुसता श्वास होता. क्लॅरिनेटवाल्याचा लांब, भरदार श्वास, जो नाजमीन लहानपणापासून भिंतीपलीकडून ऐकत आली होती. कूलरच्या घरघरीत बारीक काही कळणार नाही म्हणून तिने कूलर बंद केला आणि आवाज हळू ठेवून धून लावली.

सगळं ओळखीचं होतं. गोदामाचा घुमारा होता, मध्येच कोणाची तरी दाबलेली शिंक होती. धून वर चढली, वळली आणि जिथे सुटायची तिथे आली.

स्पीकरमधून श्वास घेतल्याचा आवाज आला. त्याच क्षणी आतल्या खोलीत चांदभाईंनी श्वास घेतला.

मग मुरकी वाजली. छोटीशीच होती, खाली उतरून एकदा मागे पाहिल्यासारखी, आणि मग मिटलेली. तेवढा वेळ आतल्या खोलीतून काहीही ऐकू आलं नाही. धून संपली आणि आत चांदभाईंनी श्वास सोडला.

नाजमीनने कूलर पुन्हा लावला. योगायोग, ती स्वतःशी म्हणाली. झोपलेला माणूस श्वास घेणारच. तिने दुसऱ्यांदा मात्र धून लावली नाही.

चांदभाई उठले, चहा झाला, तेव्हा तिने विचारलं, “अब्बा, तुम्ही अखिलला पाठवणी पुन्हा वाजवून दिली का? पुरी?”

“पुरी?” ते हसले. घरात ते अहिराणीच बोलत. उभं आयुष्य खेड्यापाड्यांच्या लग्नांत गेलं होतं. “माले याड लागनं का बेटा?”

तिने धून लावली. हसीनाबी, तिची अम्मी, ताटात तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले. मुरकी आली तसे चांदभाई ताठ झाले. धून संपल्यावर बराच वेळ ते आपल्या बोटांकडे पाहत राहिले.

“हाई मनी फुक शे,” ते हळूच म्हणाले. “पन मी हाई वाजाडी नही.”

“मग कोणी तरी यंत्रावर बनवली असेल,” नाजमीन म्हणाली. “हल्ली बनवतात. माणसाचा आवाज ऐकवला की यंत्र पुढचं स्वतःच गातं.”

“पुढचं त्याले काय म्हाईत?”

उस्तादांनी ती मुरकी चांदभाईंना कधी ऐकवलीच नव्हती. तळहातावर बोटं दाबून शिकवली होती: हे छिद्र झाक, हे सोड, हे अर्धं. चांदभाईंनीही ती कधी फुंकली नव्हती. ती या जगात कधी वाजलीच नव्हती, तर ऐकून उचलणार कोण?

“पुसून टाक ती,” हसीनाबी म्हणाली. “आत्ताच पुसून टाक, नाजू.”

पण चांदभाईंच्या चेहऱ्यावर भीती टिकली नाही. आधी कुतूहल आलं, मग हसू आलं, आणि मग ती जुनी ऐट आली जी लग्नात नवरदेवाच्या घोड्यापुढे चालताना येत असे.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “कशी वाजाडी शे, देख ना. उस्तादले बी आयकाले भेटनी नही. माले भेटनी.”

त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली. आणि खरं सांगायचं तर नाजमीनलाही ती ऐकावीशी वाटत होती, कारण तिच्या अब्बांनी इतकं सुंदर कधीच काही वाजवलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी तिने अखिलला फोन केला.

“ती पुरी पाठवणी तुम्हीच पाठवली ना ताई?” तो म्हणाला. “मी तर तुमचे आभार मानणार होतो. लोक किती दिवस मागे लागले होते, पूर्ण संच द्या, पूर्ण संच द्या म्हणून. त्या दिवशी सकाळी बघतो तर फाइल जागेवर. आवाज तोच, गोदाम तेच, चाचांचं नाव तुम्ही लिहिता तसंच लिहिलेलं.”

“मी नाही पाठवली.”

“मग चाचांनी दुसऱ्या कोणाकडून—”

“अब्बांना पेन ड्राइव्ह आणि काडेपेटीतला फरक कळत नाही, अखिल. आणि गोदाम तर तुमच्या पप्पांनी हंगामात मिरचीने भरून टाकलं होतं. उभं राहायला जागा नव्हती तिथे.”

“पण लोकांना फार आवडली,” अखिल म्हणाला.

फोन ठेवल्यावर नाजमीनला एक गोष्ट आठवली आणि तिचे कान तापले. गेमच्या पानावर महिन्याभरापूर्वी कोणी तरी परदेशातल्याने लिहिलं होतं, की ही धून शेवटाआधीच तुटते. म्हाताऱ्याला पुढचं येत नसावं, किंवा त्याचा दम संपला असावा. नाजमीनच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की तिने तिथल्या तिथे उत्तर ठोकलं होतं. माझ्या वडिलांना पुढचं येतं. दम आहे तेवढा तुमच्या अख्ख्या गावात नसेल. शेवटची मुरकी आमच्या घरात आहे, आम्ही ती राखतो. त्यावर खाली कोणी तरी एवढंच लिहिलं होतं: मग द्या ना. नाव नव्हतं, चेहऱ्याच्या जागी रिकामा गोल होता. आणि नाजमीन ऐटीत लिहून गेली होती: हिंमत असेल तर घेऊन दाखवा.

तिने ते पान पुन्हा उघडलं. तिचं उत्तर होतं. ‘मग द्या ना’ मात्र तिथे नव्हतं, आणि त्याविना तिचं वाक्य वाऱ्याला दिलेल्या आव्हानासारखं एकटंच उभं होतं.

४

मग तक्रारी यायला लागल्या. आधी एक, मग रोज. सगळ्यांचं म्हणणं एकच: नवी आवृत्ती घेतल्यापासून आमचा ट्रक घरी येत नाही.

अखिलचे मित्र रात्रंदिवस चूक शोधत होते. सापडत नव्हती. नाजमीनने डोकं शांत ठेवून विचार केला. धून आता संपते, त्यामुळे फिरत नाही. फिरणारी धून तुटली म्हणून गेममधलं काही तरी अडत असेल. कारण सरळ होतं. फक्त एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून तिने भर दुपारी गेम लावला.

ट्रक अंगणातून निघाला. फाटकाशी एक म्हातारं माणूस हात उंचावून उभं असतं, तेही दिसलं. पाठवणी लागली. घाट लागला, खालची शेतं लागली, धून वर चढली, वळली, आणि ती मुरकी वाजून मिटली. त्यानंतर नुसतं इंजिन राहिलं. नाजमीनने ट्रक मागे वळवला.

तोच घाट, तीच वळणं होती. जिथे फाटक असायला हवं तिथे रस्ता सरळ पुढे जात होता. झाडं ओळखीची होती, विहीर ओळखीची होती, मधलं घर तेवढं नव्हतं. पाडलेलं नव्हतं, जळलेलं नव्हतं. विहिरीनंतर जे झाड घरापलीकडे असायचं ते आता विहिरीला खेटून उभं होतं, जणू मध्ये कधी काही नव्हतंच. तिने पुन्हा ट्रक वळवला, आणि पुन्हा.

वीज गेली. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं आणि खोलीत एकदम शांतता झाली. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. आतल्या खोलीतून टक, टक असा आवाज येत होता. ती उठून दारातून डोकावली. चांदभाई झोपेत होते, डोळे मिटलेले, आणि त्यांची बोटं पत्र्याच्या पेटीवर पडत होती: हे झाक, हे सोड, हे अर्धं.

तिने त्यांना हलवून उठवलं. “अब्बा, काय करताय?”

“काय व्हयनं?” ते दचकून म्हणाले. मग आपल्या हाताकडे पाहून लाजल्यासारखे हसले. “रियाज.”

५

साक्रीकडचा नवल त्यांच्याकडे आला तो मिठाईचा पुडा घेऊन. त्याच्या मुलीच्या, भाविकाच्या, मधल्या दिवसांत झालेल्या लग्नात चांदभाईंचा बँड होता. चांदभाईंनी त्याला कौतुकाने गेमचं संगीत ऐकवायची तयारी केली, तर तो म्हणाला, “ते ऱ्हाऊ द्या, भाऊ. तुम्ही औंदा पाठवनी पुरी वाजाडी, बठ्ठा गाव रडना.”

“पुरी?” चांदभाई म्हणाले. “मी जठे थांबस तठेच थांबनू.”

“नही ना, भाऊ. मी कानखाल आयकी. पुरी वाजाडी.”

नाजमीन सरबत घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, “भाविका बरी आहे ना, काका? मांडवपरतणीला आली?”

नवल हसला, पण हसणं तोंडातच राहिलं. बाहेरच्या माणसाशी बोलताना बोलतात तशा मराठीत तो सावकाश सांगू लागला. भाविका एसटीने आली होती. स्टँडवरून तिने फोन केला, नाना, मला आपली गल्ली सापडत नाही. ज्या गल्लीत जन्मली, ती. तो घ्यायला गेला. हात धरून आणलं. मारुतीच्या पारापर्यंत बोलत बोलत आली, आणि पारापाशी थांबून म्हणाली, नाना, मला कुठे नेताय? नवल दोन पावलं पुढे गेला, घराची कडी काढली, मागे वळून पाहिलं, तर ती पारापाशीच उभी. घराकडेच बघत होती, पण नवलला वाटलं की ती घरापलीकडचं काही तरी बघतेय. मग रडायला लागली. शेवटी जावई येऊन घेऊन गेला.

“डॉक्टर म्हनना ऊन लागनं,” नवल म्हणाला. “माले बी वाटनं, चक्कर उनी व्हई.” त्याने सरबत एका दमात पिऊन टाकलं. निघताना उंबऱ्यात थांबून तो पुन्हा म्हणाला, की वाजवलं मात्र असं होतं की तसं पुन्हा ऐकायला मिळणार नाही. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच नाजमीनला सहन झालं नाही.

६

तिचं स्वतःचं लग्न पुढच्याच आठवड्यात होतं. मुलगा रमीज, वरणगावचा, तिथल्या कारखान्यात कामाला. साधा, हसऱ्या तोंडाचा. चांदभाईंनी महिनाभर आधीच जाहीर केलं होतं, की पोरीला निरोप ते स्वतः वाजवून देणार. बापाने रुखसतीच्या वेळी रडायचं असतं, वाजवायचं नसतं, असं नातेवाईक म्हणत होते. चांदभाई म्हणत, रडायला गाव पडलंय.

नाजमीनने त्यांच्यासमोर बसून सांगितलं, “अब्बा, माझ्या रुखसतीला पाठवणी वाजवू नका.”

त्यांचा आवाज चढला. “बठ्ठा गावन्या पोरी मी धाड्यात. मनी पोरले कोन धाडी? स्पीकर?”

“मला परत यायचंय, अब्बा.”

या एका वाक्याने ते खाली आले. क्लॅरिनेट मांडीवर होती; तिच्यावरून हात फिरवत ते सांगू लागले, आणि नाजमीनने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून भीतीचं काही ऐकलं. साक्रीला त्यांनी धून नेहमीच्या जागी थांबवली होती. बोटं थांबली होती. फूक थांबली नव्हती. क्लॅरिनेट ओठांवरून काढली तरी छातीतून काही तरी जातच राहिलं, जसं कोणी आतून ओढून घेत होतं. आणि कानावर ती मुरकी आली.

“मग भीती नाही वाटली?”

“वाटनी ना.” ते थांबले. त्यांचे डोळे भरले, पण मान खाली गेली नाही. “पन बेटा, कशी वाजनी! चाळीस वरीस मी तिले छातीमा राखी. माले वाटे, मी मरसू तवय ती मन्हासंगेच जाई, कोनले म्हाईत बी नही पडनार की चांदकडे काय व्हतं.”

हसीनाबी पदर तोंडाला लावून आत निघून गेली. नाजमीनने वडिलांचे हात धरले. त्यांच्याइतकाच तिलाही त्यांचा अभिमान होता, आणि तोच तिला नडला होता. तिनेच ती मुरकी चव्हाट्यावर नेली होती.

शेवटी ठरलं. चांदभाई वाजवणार, पण दुसरी, वरातीची आनंदाची धून. ती झाली की क्लॅरिनेटची पत्ती काढून खिशात टाकणार. पत्ती नसेल तर क्लॅरिनेट म्हणजे नुसती काळी नळी. फुंकर मारा की ओरडा, सूर निघत नाही.

अखिलने पाठवणी गेमच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकली. नाजमीनने आपल्याकडची पुसली, फोनमधली पुसली, पेन ड्राइव्हवरचीही पुसली. इतक्या मेहनतीने लावलेला संच तिने आपल्या हाताने अपुरा केला. पण ज्यांनी ती आधीच उतरवून घेतली होती, त्यांच्याकडे ती होतीच. कुठल्या कुठल्या देशांत, पूर्ण आणि ताजी.

७

निकाह सकाळी झाला. जेवणं झाली. वरणगाव लांब, म्हणून रुखसत दुपारीच काढली. गल्ली उन्हाने पांढरी पडली होती. अम्मीने गळ्यात पडून सांगितलं, चौथीला, चौथ्या दिवशी, माहेरी न्यायला येऊ, तयार राहा. घराचं निळं दार उघडं होतं, पायरीवर चांदभाई उभे होते, पांढरा शर्ट, केसांना ताजा कलप, आणि हातात क्लॅरिनेट.

त्यांनी वाजवलं, आणि काय वाजवलं! वरणगावची मंडळी वळून वळून पाहू लागली. रमीजच्या मामांनी मान डोलावली. गल्लीतल्या बायका रडता रडता हसायला लागल्या. धून संपली तशी चांदभाईंनी सगळ्यांदेखत पत्ती काढली, नाजमीनला दिसेल अशी उंच धरली आणि खिशात टाकली. तिने गाडीच्या काचेतून मान हलवली. तिचं काळीज जागेवर आलं.

गाडी हलली. रमीजने थंड हवा लावायला सांगितलं, काचा वर गेल्या, आणि पाठवणी सुरू झाली.

नाजमीनने आधी कोणाच्या हातात फोन आहे का पाहिलं. कोणाच्याच हातात नव्हता. सगळे पायरीकडे पाहत होते. बँडवाले वाद्यं खाली धरून एकमेकांकडे पाहत होते. तिने डाव्या बाजूच्या आरशात पाहिलं. चांदभाईंच्या एका हातात क्लॅरिनेट होती, बिनपत्तीची, खाली लोंबती. दुसरा हात त्यांनी तिच्यासाठी उंचावला होता. ओठ मिटलेले होते. आणि गाल भरत होते, रिते होत होते, भरत होते.

“तुमच्या अब्बांनी कमाल केली,” रमीज म्हणाला. “काचा लावल्यात तरी किती स्वच्छ येतंय.”

धून वर चढली. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. आरशात चांदभाई लहान होत गेले, पण त्यांचा चेहरा तिला नीट दिसत होता. छाती पुढे, हनुवटी वर. एवढा अभिमान तिने त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता, भिंतीवरच्या पहिल्या बिदागीच्या फोटोतही नाही. त्यांच्यामागे निळं दार होतं.

धून जिथे सुटते तिथे आली. श्वास घेतल्याचा आवाज आला, गाडीच्या आत, तिच्या कानाशी. मग मुरकी खाली उतरली, एकदा मागे पाहिलं, आणि मिटली.

आरशात शेजारच्या दोन्ही घरांच्या भिंती एकमेकींना लागून सरळ गेल्या होत्या. तिने मान खाली घातली. पुन्हा आरशात पाहायचं तिने टाळलं. ऊन आहे, आरसा वाकडा आहे, डोळ्यांत पाणी आहे, असं ती मनात म्हणत राहिली. एकामागून एक कारण तिला सापडत होतं आणि एकही पुरत नव्हतं.

“फिरवायची का गाडी?” रमीजने हळूच विचारलं. “रडताय तुम्ही. एकदा परत भेटून घ्या हवं तर, दोन मिनिटांचं काम.”

दोन मिनिटांचंच काम होतं. गाडी वळवली की कळलंच असतं, आणि एकदा कळलं की ते कळलेलं परत घेता आलं नसतं.

“नको,” ती म्हणाली. “चला.”

गाडी स्टेशनवरून मोठ्या रस्त्याला लागली. चालकाने काच खाली करून बाहेर कान दिला, मग रमीजकडे पाहिलं. गाव मागे पडलं होतं आणि धून पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली होती, जराही लहान न होता.

“हे कोण वाजवतंय हो?” त्याने विचारलं.

नाजमीनचा ऊर भरून आला. भीती होतीच, पण तिच्याही वर ते दुसरं आलं, जे तिने बापाकडून घेतलं होतं, आणि तिने मान ताठ केली.

“माझे अब्बा,” ती म्हणाली.